नव्या टोल्याची पायली

मित्रांनो, धान मोजण्याचे माप म्हणून माझा जन्म झाला. मला पायली म्हणतात. बिजा नावाच्या झाडाच्या लाकडाचा ओंडका आतून कोरून सुताराने मला घडवले आणि लोहाराने माझ्या काठाला लोखंडी पट्टी चढवली. देश स्वतंत्र झाला त्या वर्षीची ती सुगी होती. नव्या लाकडाचा वास अंगात असतानाच मी वैनगंगेच्या काठच्या पिपरटोला गावात सुशीलाबाईंच्या घरी आले.

सुशीलाबाईंचे पती फार पूर्वी वारले होते. मोठा मुलगा शालीकराम वरच्या आळीत वेगळा राहत होता आणि धाकटा मनिराम, त्याची बायको नंदाबाई आणि सुशीलाबाई एका घरात. शेती बेताची होती, पण धान कसदार पिकायचे. सुशीलाबाई मला खळ्यावर नेत. पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत आणि मग पुढचे मोजत. काही घरी धान घेताना मापावर शीग चढवत आणि देताना मात्र माप दाबून सपाट करत. सुशीलाबाईंचे उलट होते. मजुरांना देताना त्या माझ्यावर शीग लावूनच देत. मजूर म्हणत, "सुशीलाबाईची पायली खोटी बोलत नाही." हे ऐकताना मला फार अभिमान वाटे.

त्या मजुरांत शामकला नावाची एक तरुण विधवा होती. रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, आणि कापणीला ती आमच्याच वावरात यायची. तिला मूलबाळ नव्हते आणि सासरचेही कुणी उरले नव्हते. खालच्या आळीत तिची एक मातीची खोली होती.

एका श्रावणात वैनगंगा फुगली आणि खालची आळी पाण्याखाली गेली. माणसे वाचली, पण भिंती विरघळल्या. आमचे घरही त्याच आळीत होते, त्याची मागची भिंत खचली आणि शामकलेची खोली तर जमीनदोस्त झाली. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, नुकतीच कायद्याने गेली होती. गावाबाहेरच्या उंच टेकरावरची मालगुजाराची पडीक जमीन आता सरकारकडे आली होती. पंचायतीने अर्ज केला आणि टेकर घरांसाठी मिळाला. शालीकराम तेव्हा सरपंच होता.

जागा कुणाला कोणती द्यायची हे ठरवायला शाळेच्या ओसरीत सभा भरली. टेकरावर चुन्याच्या रेघा आधीच मारलेल्या होत्या. गाडीवाटेला लागून, तिथल्या जुन्या विहिरीजवळच्या जागा सगळ्यांनाच हव्या होत्या. शेवटच्या टोकाची जागा खडकाळ होती आणि विहिरीपासून फार दूर. ती कुणालाच नको होती.

पंच बकाराम म्हणाला, "ज्याचं घर मोठं, त्यानं आधी जागा निवडावी. अन् बाईच्या नावानं जागा कायले पाहिजे? शामकला कुठंबी राहीन."

शालीकराम म्हणाला, "तिची भिंत पुरात पडली का नाही पडली?"

"पडली."

"मंग तिलेबी जागा. अन् कोणी निवडायचं नाही. चिठ्ठ्या काढू."

बराच वाद झाला. शेवटी हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. चिठ्ठ्या कशात टाकायच्या आणि कुणी काढायच्या, असा प्रश्न आला. तेव्हा मागून कुणीतरी म्हणाले, "सुशीलाबाईची पायली आना. अन् काढू द्या तिलेच." त्या सरपंचाच्या आई असल्या तरी एकानेही शंका घेतली नाही.

मित्रांनो, माझ्या पोटात आजवर फक्त धान पडले होते. त्या दिवशी जागांचे आकडे लिहून घड्या घातलेले कागद पडले. सचिव एकेकाचे नाव वाचत आणि सुशीलाबाई डोळे मिटून माझ्यात हात घालत. शामकलेचे नाव आले. तिला गाडीवाटेवरची, विहिरीसमोरची जागा निघाली. सभेत कुजबुज झाली. पुढे मनिरामचे नाव आले. सुशीलाबाईंची बोटे माझ्या तळाशी थोडी रेंगाळली. चिठ्ठी उघडली. शेवटच्या टोकाची खडकाळ जागा.

मनिराम उठून गेला.

आठवड्याभराने त्याने पंचायतीत नवी गोष्ट मांडली. शामकला आपली जागा त्याला बदलून द्यायला तयार आहे, खुशीने. पुन्हा सभा भरली. सुशीलाबाईही आल्या. चिठ्ठ्यांसाठी आणलेली मी अजून शाळेच्याच कोनाड्यात होते. शामकला खांबाआड उभी होती.

शालीकरामने विचारले, "शामकला, तू खुशीनं देऊन राहिली का वो?"

ती खाली पाहत राहिली. मग तिने एकदा मनिरामकडे पाहिले.

सुशीलाबाई म्हणाल्या, "खाली नोको पाहू. त्याच्याकडंबी नोको पाहू. माह्याकडं पाहून सांग."

शामकला म्हणाली, "खुशीनं कोन देते जी? रोवण्याले बोलावणार नाही म्हनले. मंग मी खाऊ काय? म्हणून देऊन राहिली."

शालीकराम म्हणाला, "जागा बदलणार नाही."

"सख्खा भाऊ आहो मी तुमचा!" मनिराम ओरडला.

"भाऊ घरी. इथं ठराव आहे."

"मंग मी खालीच राहतो. कोणाची मेहरबानी नोको मले." तो आईकडे वळला. "अन् चिठ्ठी तुह्या हातानं निघाली, माय. हे मी विसरणार नाही."

"मीबी विसरणार नाही, बापू," त्या म्हणाल्या. त्यांनी मला कोनाड्यातून काढले, पदराने पुसले आणि घरी नेले.

उन्हाळ्यात बैलबंड्या भरभरून लोक टेकरावर जाऊ लागले आणि त्या वस्तीला नवा टोला म्हणू लागले. छपरांची कवेलू म्हणजे कौले, खांब, दारे, दळायची जाती, सगळे वर गेले. खालच्या आळीत आमचे एकच घर उरले. मनिरामने मागच्या भिंतीला कुडाचा टेकू दिला. नंदाबाई टेकरावर जाण्यासाठी रोज विनवायची आणि तो वावरात निघून जायचा.

एका सकाळी सुशीलाबाईंनी माझ्यात तांदूळ भरले, मला डोक्यावर घेतले आणि त्या निघाल्या. नंदाबाई मागे धावली. सुशीलाबाई थांबल्या नाहीत. टेकर चढून, सगळी नवी घरे ओलांडून त्या शेवटच्या चुन्याच्या रेघेत गेल्या आणि खडकावर बसल्या. मला त्यांनी शेजारी ठेवले. शामकला ते पाहून धावत आली. तिने आणि नंदाबाईने पळसाच्या फांद्या तोडून त्यांच्यावर सावली केली.

संध्याकाळी मनिराम आला. "घरी चाल, माय."

"घरीच तं आहो."

"इथं कुठी घर आहे?"

"तू बांधशील तं होईल."

तो रागाने निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला आणि तिसऱ्या दिवशीही आला. त्या उठल्या नाहीत. शालीकराम हात जोडून म्हणाला, "माय, माह्या घरी तरी चाल." त्या म्हणाल्या, "तुह्या घरी आली तं हा खालीच राहीन. मंग पानी येईन."

शेवटी एका सकाळी बंडीचा आवाज आला. बंडीत आमच्या जुन्या घराचे खांब होते. मनिरामने सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली आणि खडकात खड्डा खणू लागला. दुपारी शालीकराम आला आणि दुसऱ्या बाजूने खणू लागला. सुशीलाबाई दोघांकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतके समाधान कधी पाहिले नव्हते.

पण मित्रांनो, ते ऊन फार कडक होते. भिंती उठल्या आणि सुशीलाबाईंना ताप भरला. छपरावर कवेलू चढायच्या आतच त्या गेल्या. उघड्या छपराखालून दोन्ही मुलांनी आईला उचलले. त्या दिवशी मनिराम माझ्याजवळ बसून लहान मुलासारखा रडला. "तिच्या हाताचा काय दोष होता?" एवढेच तो पुन्हापुन्हा म्हणत होता.

त्याच पावसाळ्यात वैनगंगा पुन्हा चढली. खालच्या आळीतली आमची टेकू दिलेली भिंत आत कोसळली. ज्या जागी नंदाबाई रात्री अंथरूण घालायची, तिथेच.

पुढच्या उन्हाळ्यात पंचायतीला विहिरीसाठी सरकारी मदत मिळाली. बकारामचे म्हणणे होते की गाडीवाटेवरचीच विहीर खोल करावी आणि बांधून घ्यावी. तेव्हा शामकला उभी राहिली. आता तिला खांबाआड उभे राहायची गरज वाटत नव्हती.

"माह्या दारासमोर विहीर आहे जी," ती म्हणाली. "मले सोयीचंच आहे. पण नंदाबाई पान्याचा भरला गुंड डोक्यावर घेऊन किती लांब जाते, ते मले दारात बसल्या बसल्या रोज दिसते. दुसरी विहीर त्या टोकाले खोदा."

मनिराम सभेतच होता. त्याने तिला हात जोडले. ठराव झाला. खडक फोडायला महिने लागले, पण पाणी लागले आणि ते गोड निघाले. त्या वर्षी रोवण्याला पहिले बोलावणे शामकलेला गेले. ते द्यायला मनिराम स्वतः गेला होता.

आता बाजारात किलोची मापे आली आहेत. माझे काम संपले आहे. मी नंदाबाईच्या घरात चुलीमागे असते. माझी पट्टी गंजली आहे आणि तळाला चीर गेली आहे. कधी माझ्यात लसूण ठेवतात, तर कधी काहीच ठेवत नाहीत. मला त्याचे दुःख नाही. जुने माप जाते आणि नवे येते.

माझी एवढीच विनंती आहे, मित्रांनो. तुम्ही मोठे व्हाल आणि गावाच्या सभेत बसाल. कुणी कुठे राहायचे, वाट कुठून न्यायची आणि पाणी कुठे द्यायचे, हे तुम्ही ठरवाल. हात वर करण्याआधी गावातल्या शेवटच्या घरापर्यंत एकदा पायी चालत जा. त्या दारात थोडे बसा आणि तिथल्या बाईला विचारा की पाणी कुठून आणतेस. मग परत या आणि ठराव करा.