सतरा नंबरचा खिसा

मोबाइलबंदीचा नियम शाळेत मीच आणला आणि कुणाच्या बापाला घाबरले नाही. सकाळी पोरांनी फोन बंद करून कपाटातल्या आपापल्या नंबरच्या खिशात टाकायचा. जुन्या साडीचे ते खिसे मीच शिवले होते. मग कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला.

गेल्या वर्षी भाताची रोवणी सुरू होती. भर गणिताच्या तासाला कपाट गुरगुरलं. सतरा नंबर. दहावीतल्या भूमेश्वरीनं फोन बंद न करता नुसता आवाज घालवला होता. माझं डोकं फिरलं.

"बाई, मायचाच असन. पाहू द्या ना," ती म्हणाली.

"शाळा सुटल्यावर."

सहा वेळा वाजला. तिची आई सुखवंता पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, उपटायला शेतात एकटीच गेली होती, तिला साप चावला होता. तिच्याजवळच्या फोनशिवाय घरात दुसरा फोन तेवढाच, भूमेश्वरीचा. शाळा सुटली तेव्हा सुखवंता गेलेली होती. भूमेश्वरी पुन्हा शाळेत आली नाही. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही, ते जास्त लागलं.

यंदा तो रिकामा खिसा डोळ्यांत खुपायला लागला, म्हणून मी माझाच फोन बंद करून त्यात टाकू लागले.

काल गणिताच्याच तासाला कपाट गुरगुरलं. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. पोरांनी माना खाली घातल्या. सहाव्यांदा वाजलं तेव्हा टिकेश रडवेला होऊन म्हणाला, "बाई, उचला ना!"

मी कुलूप काढलं. सतरा नंबरमधला माझा फोन बंदच होता, पडदा काळा. तरी थरथरत होता, आणि चिखलानं ओला झाला होता. मी कानाला लावला.

"बाई, भूमेश्वरीले द्या ना." आवाजाला धाप लागली होती.

वर्ग तसाच टाकून मी धावत सुटले. भूमेश्वरी गावाबाहेर दुसऱ्यांच्या भाताच्या बांधीत रोवणी करत होती. मला पाहून तिनं तोंड फिरवलं. मी फोन पुढे केला.

"तुझ्या आईचा आहे गं. मला माफ कर."

आई दोन शब्द बोलेल, निरोप घेईल, असं मला वाटलं. पोरीच्या आणि खरं सांगते, माझ्याही मनावरचं ओझं उतरेल.

तिनं ऐकलं. चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, मायले साप चावला! लवकर ये म्हणून राहिली!"

फोन चिखलात टाकून ती आपल्या शेताकडे धावत सुटली.