चार कुलपांची ट्रंक

सीमावहिनींचा प्रतापवर काडीचाही विश्वास नव्हता. दिवंगत नवऱ्याची हार्मोनियम त्यांनी हॅमिल्टनच्या मराठी मंडळाला दिली होती, आणि प्रताप अध्यक्ष म्हणून ती त्याच्या बेसमेंटमध्ये असायची. एकदा तिच्यावर ओरखडा दिसला, तेव्हापासून वहिनींच्या जिवाला घोर लागला. हा माणूस ती परस्पर कुणाकुणाला देत असणार!

त्या संक्रांतीला मंडळाच्या कार्यक्रमात शंतनु बोलला. तो युनिव्हर्सिटीत मध्ययुगीन युरोप शिकवायचा. विषय होता अँडोरा या युरोपातल्या चिमुकल्या देशाचा. एकीकडे बिशप, दुसरीकडे सरदार, आणि मधे डोंगरात आपला कारभार आपणच पाहणारी माणसं. पुढे त्यांनी आपल्या हक्कांच्या कागदांसाठी एक कपाट केलं, त्याला सहा विभागांची सहा कुलपं. सगळे किल्लीवाले जमल्याशिवाय ते उघडत नसे. लोक तिळगुळात रमले होते, वहिनी मात्र कान देऊन ऐकत होत्या.

पुढच्याच मीटिंगला त्यांनी हार्मोनियमसाठी लोखंडी ट्रंकेचा हट्ट धरला. प्रताप, शंतनु, अस्मिता आणि स्वतः वहिनी अशा चार घरांची चार कुलपं, ट्रंक प्रतापच्या बेसमेंटच्या जमिनीला बोल्टने पक्की, आणि कुलूप कुणी तोडायचं नाही.

"एखादा किल्लीवाला आलाच नाही तर?" प्रतापने विचारलं.

"येणारच," शंतनु म्हणाला. "अँडोरातले यायचेच, त्यांचं सगळं त्याच कपाटात होतं ना."

"मग चालेल की," प्रताप हसला. इतक्या पटकन कबूल झाला म्हणजे नक्की काहीतरी डाव आहे, असं वहिनींनी मनात धरलं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळत असताना एका सकाळी त्याचा फोन आला. "वहिनी, सम्प पंप बंद पडलाय, वितळलेल्या बर्फाचं पाणी बाहेर फेकलंच जात नाहीये. बेसमेंटमध्ये पाणी भरतंय. शंतनु आणि अस्मिता किल्ल्या घेऊन आलेत, तुम्ही प्लीज लगेच निघा."

"आलेच," म्हणून वहिनींनी चहाचं आधण ठेवलं. बाहेर लख्ख ऊन, आणि म्हणे पाणी! किल्ली हातात पडली की हा डुप्लिकेट करून घेणार. मग अस्मिताचाही फोन आला. हीसुद्धा सामील दिसतेय, त्या पुटपुटल्या.

दुपारी मात्र त्यांना राहवेना. जाऊन पाहतात तर प्रताप गुडघाभर पाण्यात, बादलीने उपसतोय. बाकीचे दोघे जिन्यावर बादल्या झेलत होते. ट्रंकेची तीन कुलपं उघडी होती. वहिनींनी चौथं काढलं. आत हार्मोनियमचा भाता फुगून फाटला होता, लाकडाचे जोड सुटले होते.

"अरे, कुलूप तोडायचं ना," त्या रडत म्हणाल्या.

"हातोडा आणला होता, वहिनी," प्रताप म्हणाला. "पण तुमच्या मागे तोडलं असतं, तर तुम्हाला काय वाटलं असतं?"

काय वाटलं असतं, ते वहिनींना पक्कं ठाऊक होतं.