गमछ्याखालचा हात

गुणवंतानं गमछा झटकला, मांडीवर पसरला आणि परत उचलून खांद्यावर टाकला. पाच मिनिटांत चौथ्यांदा.

"मामा, एक तं बसा, नाही तं उभे राहा," पत्ते वाटणारा प्रफुल्ल म्हणाला. "खुर्चीले खिळे हायेत का?"

हॉलमध्ये हशा पिकला. समोर बसलेली केतकी मात्र हसली नाही. ती आपल्या चकत्यांच्या चळतीकडे बघत होती.

सौंसरच्या पोकर स्पर्धेचं हे अकरावं वर्ष. पहिली झाली शेजारच्या रामाकोन्याला, संत्र्याच्या पेट्या उलट्या मांडून. आठ खेळाडू, चकत्यांच्या जागी चिंचोके, आणि नियम प्रफुल्लनं मोबाइलवर बघून सांगितलेले. अमेरिकेतली सगळ्यात मोठी स्पर्धासुद्धा अशीच मूठभर लोकांत सुरू झाली होती, हे तो येईल त्याला ऐकवायचा. लोक वेड्यात काढायचे. यंदा पांढुर्णा, लोधीखेडा, थेट छिंदवाड्याहून मिळून बहात्तर जण आले होते, आणि त्यांतले गुणवंता आणि केतकी दोघंच आता उरले होते. पैसा लावायचा नाही, हा नियम तेवढा तोच. जिंकणाऱ्याचं नाव फळ्यावर रंगवायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याला गोव्याच्या स्पर्धेला धाडायचं.

त्या फळ्यावर गुणवंताचं नाव नव्हतं. ज्यानं पहिल्या पेट्या आपल्या बैलबंडीतून आणल्या त्याचं नाव नसावं, काय म्हणावं याला! दोनदा तो शेवटच्या दोघांत येऊन हरला होता. आता त्याला बदाम आणि चौकट वेगळे ओळखायला पत्ता नाकाशी धरावा लागे. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, नजर आता परत येणार नाही. म्हणजे यंदा, नाही तर कधीच नाही.

टेबलावर दोघांसाठीचे पाच पत्ते उघडे होते, त्यातले तीन इस्पिकचे. गुणवंताच्या हातात चौकटची राणी आणि किलवरची सत्ती. जोडीसुद्धा नाही. त्यानं सगळ्या चकत्या पुढं ढकलल्या.

"सगळं."

केतकी विचारात पडली. म्हाताऱ्याच्या हातातली दोन्ही पानं इस्पिकची असतील, तर पाच इस्पिक जुळून तो जिंकला. हातात काहीच नसेल, तर तिची चौक्यांची जोडी पुरे होती. ती बघत राहिली. गुणवंताचा चेहरा दगडी होता. तीस वर्षं बैलबाजारात दलाली केलेला माणूस, चेहऱ्यावर काय दाखवणार? पण जीव नुसता वरखाली होत होता. पाय हलत होता, गमछा परत मांडीवर आला होता. आणि मग इतक्या वर्षांच्या सवयीनं तो घात करून बसला. सौदा अडला की करायचा तसाच त्यानं गमछा हातावर ओढला आणि तो झाकलेला हात टेबलावरून पुढं केला.

केतकीनंही विचार न करता त्याखाली आपला हात घातला. ती मनोहर दलालाची पोर. बापाच्या बोटाला धरून तिनं सगळे बाजार पालथे घातले होते.

"हे काय चाललं, मामा?" प्रफुल्ल ओरडला. पोरं हसली. मागच्या बाकावरचे दोन-तीन म्हातारे मात्र पुढं सरकून बघू लागले.

बाजारात तोंडानं माणूस वाट्टेल ते बोलतो. बैल दोन वर्षांनी तरणा करतो, लंगडा असला तरी पळवतो. पण खरा भाव गमछ्याखाली बोटं धरून सांगायचा, आणि ती बोटं खोटं बोलत नाहीत. तिथं जो खोटं बोलला त्याचा हात पुन्हा कोणी धरत नाही. मनोहर आणि गुणवंतानं आयुष्यभर एकमेकांना तोंडानं शिव्या दिल्या आणि बोटांनी खरं तेच सांगितलं.

केतकीचं बोट हललं. इस्पिकची किती?

दोन बोटं धरली असती तरी भागलं असतं. पोरगी पत्ते टाकून मोकळी झाली असती आणि संध्याकाळपर्यंत फळ्यावर नाव वाळलं असतं. गुणवंतानं फळ्याकडं पाहिलं. इतक्या दुरून त्याला त्यावरचं एकही नाव वाचता येत नव्हतं.

त्यानं बोटं मिटून मूठ तिच्या तळव्यात ठेवली. मूठ म्हणजे काही नाही.

केतकीनं हात काढून घेतला. तिचे डोळे भरून आले होते.

"काका," ती हळूच म्हणाली, "मी पत्ते टाकून देऊ?"

"खबरदार!" गुणवंता कडाडला. "मनोहरच्या पोरीनं कीव केली म्हणून जिंकू का मी? खेळ."

"कॉल," ती म्हणाली आणि तिनं तेवढ्याच चकत्या पुढं ढकलल्या.

पत्ते उघडले. हॉलमध्ये एकच गलका उठला. चौक्यांच्या जोडीवर एवढी हिंमत कशी केली, असं जो तो तिला विचारत होता, आणि ती कोणालाच काही सांगत नव्हती. फळ्याजवळ रंगाचा डबा उघडला गेला.

गुणवंता खुर्चीत मागं टेकून बसला होता. पाय हलत नव्हता. केतकी येऊन पायाशी वाकली तेव्हा त्यानं गमछ्याची नीट घडी घातली आणि खांद्यावर ठेवली.

"गोव्याले जाऊन राहिली ना?"

"हो, काका."

"तिथं कोणाले हात देऊ नको," तो म्हणाला. "आणि मागू बी नको."