नजला माझ्यावर वाढली

मी तुतीच्या लाकडाची फळी बोलतेय. सन १९१६, मार्चमधला रविवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. तोपर्यंत माझ्यावर लिहिलेल्या कागदाने कुणाचं वाईट केलं नव्हतं.

माझा जन्म लेबनॉनच्या डोंगरातला. रेशमाचे किडे ज्याचा पाला खायचे, त्याच झाडातून मला कापली. मिल्हेमची आई माझ्यावर कणीक मळायची. तो बोटीत चढायला निघाला तेव्हा तिने मला त्याच्या गाठोड्यात बांधली. म्हणाली, "तिकडे बायको मिळेल, अशी फळी मिळायची नाही." त्याला बायको काही मिळाली नाही, आणि मीही भाकरीची राहिले नाही. न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या खोलीत त्याने मला दोन खोक्यांवर आडवी टाकली आणि माझ्यावर कागद पसरून चित्रं काढायला, कविता लिहायला बसला. दिवसा तो बायकांच्या झग्यांच्या कारखान्यात किनारीची नक्षी काढून द्यायचा. कविता आपल्या लोकांच्या अरबी वर्तमानपत्रात यायच्या. चांगल्या असाव्यात, कारण आमच्या आळीत कुणाला कळायच्या नाहीत.

रविवारी मात्र दाराशी रांग. चर्च सुटलं की बायका गावाकडे पत्र लिहून घ्यायला यायच्या. तो मध्येच चंद्र, वारा असलं काहीतरी घालायचा.

"उस्ताद, चंद्र तिकडेपण आहे," वर्दा एकदा म्हणाली होती. "शेळी व्याली का ते विचारा."

या वर्दाची मुलगी नजला गावी आजीजवळ होती. बोटीत चढताना बंदरावर डॉक्टरने पोरीची पापणी उलटून बघितली आणि डोळे खराब म्हणून तिथूनच माघारी पाठवली. तीन वर्षांची होती. डोळे बरे झाले की आणू, असं म्हणत वर्दा एकटी नवऱ्याकडे आली. मग लढाई पेटली. बोटी बंद, टपाल बंद. गावाकडे टोळांनी पीक खाल्लं, माणसं गवत उकडून खातात, असं वर्तमानपत्रात येऊ लागलं.

त्या रविवारी वर्दा आली ती दोन महिन्यांच्या हबीबला घेऊन. तिचं दूध आटलं होतं. पोर छातीला ओढायचं, सोडायचं, रडायचं. रडण्यातही जोर नव्हता. टाळू खोल गेलेली मला खालूनसुद्धा दिसत होती.

"वरचं दूध पोटात टिकत नाही त्याच्या," ती म्हणाली. "उस्ताद, नजलाचं नुसतं कळू दे. मला दूध येईल. माझं मला माहीत आहे."

मिल्हेमने पोराकडे बघितलं. मग म्हणाला, "कैरोहून माझ्या मित्राचं पाकीट यायचंय. त्यात गावाकडची पत्रं आहेत म्हणे. बुधवारी संध्याकाळी ये."

कसलं पाकीट नि कसला मित्र.

मंगळवारी त्याने माझ्यावर कागद ठेवून पत्र लिहिलं. आमच्या डोंगरातलं पत्र घराघराचे सलाम सांगितल्याशिवाय संपत नाही. तीन वर्षं वर्दाची पत्रं तोच लिहायचा, त्यामुळे तिच्या गावची सगळी घरं त्याला पाठ होती. असद लोहाराचा सलाम, आंधळ्या म्हातारीचा सलाम, पाणवठ्याशेजारच्या बुतरुसकाकांचा सलाम. एकही घर सोडलं नाही. त्यात चंद्र नव्हता, वारा नव्हता, शेळी व्यालेली होती. सोबत नजलाचं चित्र, जणू गावातच कुणी काढलेलं. पोरीला त्याने कधी पाहिलं नव्हतं. वर्दाची हनुवटी घेतली आणि हबीबचे कान.

बुधवारी त्याने पत्र वाचून दाखवलं. वर्दाला वाचता येत नव्हतं. असदच्या सलामापर्यंत आला असेल नसेल, तिच्या पोलक्यावर ओला डाग पसरला. तिने घाईने शाल ओढली आणि हबीबला जवळ घेतलं. खोलीत नुसता पोराचा घोट गिळल्याचा आवाज.

आता हे थांबवायचं कसं? पुढच्या वर्षी ईस्टरला पत्र, त्याच्या पुढच्या वर्षी ईस्टरला पत्र. दर वेळी चित्रातली नजला बोटभर उंच. एकदा तिला वेण्या आल्या, एकदा पुढचे दात पडले. वर्दा शेजारणींना चित्र दाखवत फिरायची. दिराच्या लग्नात लाल पोलकं घालून नाचली. मिल्हेमच्या कविता कमी झाल्या. सगळं चांगलं चांगलं त्या पत्रांतच जात असावं.

१९१९ च्या वसंतात बोटी सुरू झाल्या आणि वर्दाच्या गावची अफीफे आली. वर्दा तिला हाताला धरून थेट आमच्याकडे घेऊन आली.

"उस्ताद, हिला सांगा हो. प्रवासाने हिचं डोकं फिरलंय. म्हणते असद लोहार पहिल्याच थंडीत गेला. गेल्या ईस्टरला तर त्याचा सलाम आला."

"असदचा?" अफीफे म्हणाली. "अगं, त्याच्या दारावरच्या फळ्यासुद्धा लोकांनी जाळून शेकल्या. बुतरुस गेले, आंधळी म्हातारी गेली. कुणी पाठवले हे सलाम, कबरींनी?"

वर्दाने मिल्हेमकडे बघितलं, आणि मग अफीफेला हळूच विचारलं, "नजला?"

"आजी नि नात एकाच दिवशी गं. सोळा सालच्या फेब्रुवारीत. मीच झाकलं दोघींना."

म्हणजे पहिलं चित्र काढलं तेव्हा पोरीला जाऊन महिना झाला होता.

हबीब आईच्या घागऱ्याला धरून उभा होता. मिल्हेम त्याच्याकडे बोट करून म्हणाला, "पत्राशिवाय हा वाचला असता का, वर्दा?"

"नाही," वर्दा म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला शिवी देता येत नाही." मग म्हणाली, "तुम्ही तिला दोन वर्षं वाढवलीत. आता माझ्या दोन मुली मेल्या, उस्ताद. एक सहा वर्षांची, एक आठ वर्षांची. रडू कुणाला?"

दुसऱ्या दिवशी ती काळे कपडे घालून आली आणि तिन्ही चित्रं माझ्यावर ठेवून गेली. पुढे वर्दा नि तिची माणसं दूर टोलिडो शहरात राहायला गेली. मिल्हेमने त्यानंतर चित्र काढलं नाही. सात वर्षांनी छातीच्या दुखण्याने गेला.

मग त्याचे मित्र आले, चित्रं सापडली, भाषणं झाली. आज आम्ही चौघी आपल्या समाजाच्या सभागृहात काचेमागे आहोत. त्या तिघी भिंतीवर, मी खाली. शेजारच्या पाटीवर लिहिलंय, 'कवीच्या मनात वाढत गेलेली मातृभूमी'. आया पोरांना उचलून दाखवतात, "बघ, किती गोड."

बायांनो, ती मातृभूमी नाही. ती वर्दाची नजला. सहाव्या वर्षी भुकेने गेली, आणि तिच्या आईला तिच्यासाठी वेळेवर रडतासुद्धा आलं नाही. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. काचेपाशी कुणी उभं दिसलं तर तिचं नाव सांगा, आणि त्यांना म्हणावं, पुढच्याला सांगा.