फुलपात्रभर खोटा पाऊस

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची बरणी आहे. भुकूममधल्या एका गच्चीवर, दोन विटांच्या बेचक्यात मी उभी असते. माझ्या पोटावर शाळेतली मोजपट्टी चिकटवली आहे. माझी मान कापून, उलटी करून माझ्याच तोंडात बसवली आहे. ऐकून दचकलात ना? मी तर अजून दचकते.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवते ती रमजानभाईंच्या किराणा दुकानातली वरची फळी. माझ्यात लिमलेटच्या गोळ्या असायच्या. शाळेतून परतणारी मुले माझ्याकडे बोट दाखवायची आणि मी मनातल्या मनात फुगायचे. पुढे गोळ्या रंगीत पुड्यांतून यायला लागल्या आणि माझी गरज संपली. काही दिवस माझ्यात सुतळी ठेवली, मग रबरबँड, मग काहीच नाही. फळीच्या टोकाला मी धूळ खात पडले.

एका पावसाळ्यात दुकानात वाद पेटला. गल्ल्यावर रमजानभाईंची बायको शबनूर बसली होती. समोर हैबतराव उभे होते. हे गावचे जुने बागायतदार. शेताच्या अर्ध्या तुकड्यात त्यांनी खोल्या बांधल्या होत्या आणि हिंजवडीला कामाला जाणारी मुले त्यांत भाड्याने राहत होती. त्यातलाच एक जण म्हणाला, "काय तुफान पाऊस झाला काल!"

"ह्याला पाऊस म्हंत्यात व्हय?" हैबतराव म्हणाले. "ह्यो नुसता शिंतोडा."

शबनूरने विचारले, "मग किती पडला, काका?"

"लई न्हाई."

"लई नाही म्हणजे किती?"

हैबतरावांनी बोटांनी माप दाखवायला बघितले, ते जमेना. मी फळीवर थक्क झाले. जन्मभर पावसात भिजलेली ही माणसे, आणि पाऊस किती पडला हे एकालाही सांगता येईना! शबनूरने फोनमध्ये काहीतरी शोधले, वाचले आणि नजर वर केली. ती नजर थेट माझ्यावर आली.

पुढचे आठवले तरी अंगावर काटा येतो. कात्रीचे टोक माझ्या मानेत घुसले. मला वाटले, आता आपण भंगारात. पण तिने कापलेली मान उलटी करून माझ्यातच बसवली, त्याचे नरसाळे झाले. तळाचे उंचवटे बुडेपर्यंत तिने सिमेंट ओतले, वर मोजपट्टी लावली आणि मला गच्चीवर नेऊन ठेवले. हैबतरावांनीही हट्टाने तेलाचा एक सरळ उभा डबा कापून अंगणात ठेवला. दोघांची घरे हाकेच्या अंतरावर. रोज सकाळी साडेआठला दोघांनी आपापला आकडा फोटोसकट फोनवर कळवायचा असे ठरले. त्यासाठी शबनूरने ग्रुप काढला. नाव ठेवले 'आज किती?'

दोन माणसांचा ग्रुप! ही दोघे दुकानात दिवसातून तीनदा भेटत होती. पण मित्रांनो, खरा चमत्कार पुढेच होता. हैबतरावांचा भाडेकरू गंमत म्हणून ग्रुपमध्ये शिरला आणि त्याने आपल्या मित्रालाही घेतले, तो कासारसाईचा निरंजन. त्याने धरणाजवळ बाटली मांडली. लवासात राहणारी गौतमी आली. तिच्या रस्त्यावरची निम्मी घरे बंद असायची. सकाळी कोणाशी बोलायला माणूस नाही म्हणून ती आकडा पाठवायची आणि सगळ्यांचे आकडे वाचायची. मग ताम्हिणीकडून एक, मुळशी धरणाकडून एक, असे करत मुळशी तालुकाभर बरण्या, डबे आणि बाटल्या आभाळाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आणि हे सगळे माझ्यापासून सुरू झाले होते! माझा फोटो रोज एवढी माणसे बघतात हे कळले त्या दिवशी मला लाजेने आणखी खोल व्हावेसे वाटले.

शबनूरला ग्रुपवरचे मोठ्याने वाचायची सवय होती, म्हणून मला सगळे कळायचे. ग्रुप काढणे सोपे असते, चालवणे म्हणजे रोजचे दळण. कोणी गुलाबाच्या फुलावर 'शुभ सकाळ' लिहून पाठवायचा. एकाने तर चक्क प्लॉट विकायला काढला. शबनूर प्रत्येकाला सांगायची, इथे फक्त पाऊस. एका गृहस्थाने डबा पन्हळीखाली ठेवला आणि पहिल्याच दिवशी सगळ्या तालुक्याला मागे टाकले. तिने त्याला फोन करून, न हसता, डबा मोकळ्यावर ठेवायला लावला. आणि तिचा एक नियम तर लोकांना पटतच नसे. पाऊस नसेल त्या दिवशीही पाठवायचे. 'शून्य' असे पाठवायचे. शून्य नाही पाठवले तर तुम्ही मोजलेच नाही असे होते, असे तिचे म्हणणे.

आता दुःखाची गोष्ट सांगते. ढग लवासाकडे, ताम्हिणीकडे रिते होतात आणि भुकूमला पोचेपर्यंत थकलेले असतात. त्यामुळे आमचा आकडा कायम तळाला. शबनूर हसत म्हणायची, "आज पण आपणच शेवटी." ती गमतीने म्हणायची. पण घरात बीबीजान होत्या, तिच्या सासूबाई. त्यांनी ते गमतीने घेतले नाही.

बीबीजान पहाटेची नमाज झाली की पाखरांना बाजरी टाकायला गच्चीवर यायच्या. या पावसाळ्यात, एका सकाळी, बाजरी टाकून झाल्यावर त्या माझ्याजवळ थांबल्या. पत्र्याचे पाणी साठवायला कोपऱ्यात पिंप होते. त्यांनी त्यातून फुलपात्र भरले आणि माझ्यात ओतले.

मित्रांनो, मी हादरले! आभाळातून थेंब थेंब घ्यायची माझी रीत. हे एकदम, भसकन! मला ओरडता आले असते तर गाव गोळा केले असते. बीबीजाननी मायेने माझे नरसाळे पुसले आणि पुटपुटल्या, "सगळ्यांचं करायचं माझ्या सुनंनं आन शेवटचा नंबर बी तिचाच? आसं कुटं असतंय?"

त्या दिवशी आम्ही वर चढलो. ग्रुपवर टाळ्या पडल्या. शबनूर खूश होऊन खाली गेली, बीबीजान तिच्याहून खूश. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलपात्र. तिसऱ्या दिवशीही. खोट्या पाण्याने भरलेली मी, आणि माझा फोटो रोज तालुकाभर फिरत होता. शरमेने मेल्यासारखे झाले मला.

आजवर हैबतरावांचा आकडा आणि माझा आकडा सख्ख्या बहिणींसारखे असायचे, उन्नीस-बीस. आता माझा दुप्पट. त्यांनी ग्रुपवर लिहिले, "शबनूर, तुजी बरनी येडी झालीया काय? माज्याकडं निम्मा बी न्हाई."

शबनूरने लिहिले, "काका, तुमचा डबा कोणी आंब्याखाली सरकवला असेल."

"डबा हाय तितंच हाय. तुज्या बरनीत कुनीतरी पानी वततंय. बघ जरा."

शबनूरचा चेहरा उतरला. मग लाल झाला. जिने सगळ्यांना खरे मोजायला शिकवले तिच्यावर खोटेपणाचा आळ, तोही सगळ्यांसमोर! अहो, ते खरे बोलताहेत, असे मी जीव तोडून म्हणत होते. पण बरणीचे कोण ऐकणार? शबनूरने माझ्याच शेजारी उभे राहून फोनवर बोट दाबले आणि हैबतरावांना ग्रुपमधून काढून टाकले. ग्रुपचा पहिला माणूस! माझ्या डोळ्यांदेखत, एका बोटाने!

हैबतराव दुकानात यायचे थांबले. तंबाखूसाठी ते आता नाक्यापर्यंत चालत जायचे. रमजानभाई एकदा गच्चीवर येऊन म्हणाले, "अगं, काका समोरून गेले, पण बघितलं नाही." त्या दिवशी माझा आकडा घेताना तिचे लक्ष नव्हते.

मग एका सकाळी, रात्री विसरलेले कपडे काढायला ती लवकर वर आली. बीबीजान फुलपात्र घेऊन माझ्यावर वाकलेल्या होत्या.

"अम्मी! हे काय करताय?"

"काय न्हाई गं. वाईच भर घालतीया."

शबनूर हातातले कपडे टाकून त्यांच्याजवळ येऊन बसली. "किती दिवस घालताय?"

"झालं की लई दिस." बीबीजानना तिचा चेहरा बघून काही समजेना. "पावसाचंच हाय ते, पिपातलं. नळाचं न्हाई घातलं मी. मला कळतंय तेवढं."

शबनूर हसेल की रडेल ते मला कळेना. ती रडली. बीबीजाननी फुलपात्र खाली ठेवले आणि तिचे डोके मांडीवर घेतले. बराच वेळ त्या "पर झालं काय?" एवढेच विचारत राहिल्या. शबनूरने सगळे सांगितले. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजे हैबतभाऊ खरं बोलत हुते."

कोणाला न सांगता हे मिटवता आले असते. पाऊस पुढे सरकला होता, मागचे आकडे कोण बघतो? पण शबनूरने तिथेच बसून लिहिले, एकेक शब्द मोठ्याने म्हणत: "आमच्या बरणीचे या पंधरवड्याचे आकडे खोटे आहेत. आमच्या घरातूनच पाणी ओतलं गेलं. हैबतकाका खरं सांगत होते आणि मी त्यांना काढलं. मला आता अ‍ॅडमिन राहायचा हक्क नाही. गौतमी, तू बघ."

मग निरंजन एक अक्षर न लिहिता ग्रुप सोडून गेला. त्याच्या मागोमाग आणखी काही जण गेले. सगळे संपले असे मला वाटले. शेवटी गौतमीचे आले, "मी बघते. पण उद्याचा आकडा तूच पाठव."

दुपारी दोघी हैबतरावांकडे निघाल्या. बीबीजाननी मला उचलून पदराखाली घेतले. "हिच्यासमूर पाप केलं, हिच्यासमूरच सांगनार," म्हणाल्या. अंगणात मी पहिल्यांदा त्या डब्याला पाहिले. गंजलेला होता, पण जागच्या जागी, मोकळ्या आभाळाखाली उभा होता. आंब्याची फांदी त्याच्यापासून चांगली दूर होती.

बीबीजाननी सगळे कबूल केले. हैबतरावांनी शांतपणे ऐकले आणि मग मिशीतल्या मिशीत म्हणाले, "म्हंजी लवासाच्या म्होरं जायाला भुकूमला फुलपात्र लागलं व्हय, भाभी?"

सगळे हसले. त्यांच्या पत्नी गोजराबाई चहा देता देता म्हणाल्या, "रोज सकाळी डब्यात बघत्यात आन मलाच सांगत्यात, आज इतका, काल इतका. मी काय करू त्येचं? माजी भाकर करपतीया."

ग्रुपमधून काढल्यावरही हा माणूस रोज मोजत होता! शबनूरच्या डोळ्यांत पाणी आले. "काका, परत या ना ग्रुपवर."

हैबतरावांचे हसू गेले. "न्हाई यायाचा मी. पोरी, काढायच्या आदी येकदा घरी यून इचारायचं हुतं. घर काय लांब हाय व्हय?"

शबनूरने गौतमीकडून ग्रुपची लिंक मागवून त्यांच्या फोनवर पाठवली आणि आम्ही परत आलो. त्यांनी ती उघडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दसरा गेला तरी नाही.

पाऊस संपला. पावसाबरोबर लोकांचा उत्साहही संपला. सकाळचे आकडे कमी झाले, मग फक्त शबनूरचा आणि गौतमीचा उरला. माझ्या तळाशी एक वाळलेले पान पडले होते. आता सकाळी बीबीजान माझ्याकडे बघायच्या. फुलपात्र न आणता, चष्मा लावून, अगदी वाकून. शबनूरने त्यांना आवाज पाठवायला शिकवले होते. एक दिवस त्यांनी फोन तोंडाशी धरून, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "भुकूम. शून्य!"

लवासाहून गौतमीचे आले, शून्य.

मग फोन पुन्हा वाजला. शबनूर कपडे वाळत घालत होती. तिने नुसती मान वळवून पाहिले आणि हातातली चादर तशीच राहिली. ती वाचेना. बीबीजान घाबरून म्हणाल्या, "काय झालं गं? वाच की!"

शबनूरने ग्रुपवर आलेले वाचले, "हैबतराव. भुकूम. शून्य. दोनी आकडं जुळलं बगा, भाभी."

मित्रांनो, मी काठोकाठ भरले आहे, वाहिलेही आहे. पण त्या सकाळसारखी भरलेली मी कधीच नव्हते, आणि माझ्यात एक थेंबही नव्हता. म्हणून एवढेच मागते. आभाळाने दिले नाही ते माझ्यात घालू नका. कोणाला काढून टाकायला बोट उचलाल तेव्हा आधी त्याच्या अंगणापर्यंत जाऊन या. आणि मी रिकामी असले, तरी सकाळी कोणीतरी येऊन माझ्यात डोकावून जा.