भुऱ्याच्या वाटणीचं पाणी

‘सदर श्वान उष्माघाताने मृत झाले असून औषधाची मात्रा नियमानुसार टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली होती.’ प्राध्यापक साहेबरावांनी दाखला एकदा वाचला, मेजावर ठेवून तळहातानं सपाट केला आणि पेनचं टोपण काढलं. गावच्या जनावरांच्या दवाखान्यात त्या वेळी एक शेळी आणि तिची मालकीण एवढीच गर्दी होती. कागदावरच्या शिक्क्यात अजून उस्मानाबाद होतं. त्यावर काट मारून कोणीतरी शाईनं लातूर लिहिलं होतं. जिल्हा नवा होऊन वर्ष उलटलं, पण नवा शिक्का काही पोचला नव्हता.

साहेबराव उदगीरच्या कॉलेजात इतिहास शिकवत. कागद खोटा कसा बोलतो, हे पोरांना दाखवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. त्यांनी आधी ‘श्वान’ या शब्दाखाली रेघ ओढली. आठ वर्षं दारात बसलेल्या भुऱ्याला सरकारनं मेल्यावर संस्कृत बहाल केलं होतं. मग ‘उष्माघात’. ऊन लागलेल्या जनावराचं अंग तापतं, ते धापा टाकतं. भुऱ्या मे महिन्याच्या भर दुपारी गार पडला होता. ओकला, थरथरला, मागचे पाय ओढत कोपऱ्यात गेला आणि तिसऱ्या दिवशी संपला. कुत्रं पिसाळलं होतं की काय, अशी वस्तीत कुजबुज सुरू झाली, म्हणून हा दाखला मागावा लागला.

राहिलं ‘टप्प्याटप्प्याने’. त्या शब्दाभोवती साहेबरावांनी सावकाश गोल काढला आणि मान वर केली.

समोर डॉक्टर मन्मथअप्पा शेळीच्या पोटावर हात ठेवून उभे होते. भुऱ्याची कातडी फुटून रक्त येऊ लागलं, तेव्हा स्टेरॉइडच्या गोळ्या त्यांनीच सुरू केल्या होत्या. दोन वर्षांनी त्यांनीच सांगितलं, की आता या सोडवायला हव्यात, पण एकदम नाही. आधी अर्धी, मग पाव, मग दिवसाआड, दोन महिने लावून. साहेबरावांनी त्याचा तक्ता करून भिंतीला लावला होता. गोळ्या आई द्यायची आणि तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून पूर्ण गोळीला पूर्ण गोल, अर्धीला अर्धा. रोजच्या गोलावर तिनं मारलेली कोळशाची रेघ होती, एकही चुकली नव्हती. तेव्हा दोष गोळ्यांत असणार, नाहीतर डॉक्टरांच्या हिशेबात. आणि हे प्रकरण आपण लातूरला नेणार, असं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं.

मन्मथअप्पांनी शेळीवाल्या बाईला वाटेला लावलं आणि दार लोटून घेतलं.

“सर, ही लक्षणं गोळी एकदम बंद झाल्याची आहेत. दोन वर्षं स्टेरॉइड बाहेरून आयतं मिळालं की अंग स्वतःचं करायचं विसरतं. ते पुन्हा शिकायच्या आत गोळी तुटली.”

“मग उष्माघात का लिहिलात?”

“गोळी तुमच्या घरात तुटली. ते सरकारी कागदावर कशाला?”

खोटेपणा उघडा पाडायला आलेल्या माणसाला तो खोटेपणा भेट म्हणून मिळाला होता. साहेबरावांनी दाखल्याची घडी घातली. आभार मानावेत की काय, हे त्यांना ठरवता आलं नाही.

घरी आई आणि ते, दोघंच होती. बायको कुसुम पाण्याच्या टंचाईपायी मुलींना घेऊन अर्धापूरला माहेरी गेली होती. टँकर पाचव्या दिवशी येई, आणि पाणी माणशी वाटायचं हा ठराव वस्तीच्या बैठकीत साहेबरावांनीच मांडला होता. नेमकी त्याच दिवसांत भुऱ्याला गोळ्यांमुळं सारखी तहान लागलेली. दिवसाला घागर रिकामी करी. शेजारचे शेषेराव कुंपणावरून म्हणाले होते, की सर, तुमच्या ठरावात कुत्र्याचं नाव कोणत्या ओळीत हाय? त्या संध्याकाळपासून साहेबरावांनी घागर उंचावर ठेवली आणि सकाळी दोन, सायंकाळी दोन वाट्या ठरवून दिल्या. बाकीचा दिवस भुऱ्या जर्मनच्या पत्र्याचं रिकामं वाडगं चाटत राही. ती खरखर आता तो नसतानाही दुपारच्या पडल्या वेळी त्यांच्या कानाशी येई. ते उठून बसत, आणि मग काही नसे.

आज वाडगं ओसरीच्या कोपऱ्यात होतं. भुऱ्या गेल्यावर त्यांनी स्वतः माळ्यावर टाकलेलं. ते काठोकाठ भरलेलं होतं, आणि शेजारी त्यांची आई, सरजाबाई, भिंतीला टेकून बसली होती. ओठ कोरडे पडले होते तिचे. पाणी तिच्या वाटणीचं होतं.

“माय, भुऱ्याच्या गोळ्या तू देत होतीस ना?”

हा आवाज ते परीक्षेत नक्कल करणाऱ्यांसाठी राखून ठेवत. सरजाबाईनं कमरेची चंची सोडली. पानाच्या तुकड्यांखालून गोळ्या निघाल्या: अर्ध्या, पाव, साहेबरावांनीच ब्लेडनं कापलेल्या, सुपारीच्या भुग्यानं तांबूस झालेल्या. तिनं त्या त्यांच्या पायाशी फरशीवर ओतल्या. मग बोलली, आणि साहेबरावांना, ज्यांना दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे टिपून घ्यायची सवय होती, त्यातला एकही पुढं विसरता आला नाही.

“म्या बंद केल्या. गोळीनं तहान लागती, तूच म्हनला व्हता. म्हनलं, गोळी न्हाई तर तहान न्हाई, मंग कुनाच्या तोंडाकडं बघायला नको त्याला. तू उभ्यानं वरून वतायचास, बाबा, आन् ते खाली तोंड वासून. आमालाबी हिरीला शिवू न देता असंच वतायचे, वंजळीत, वरून. मला ते माझ्या लेकाच्या हातानं बघवंना.”