लोकरीची म्होरकी

मी म्होरकी बोलतेय. घोड्याच्या तोंडावर चढवतात ती. पण लोखंडाची कडी नसलेली, निव्वळ काळ्या लोकरीची. माझा जन्म चकलांब्याच्या माळावर झाला. मला वळणारा हात धुळाजी धनगराचा होता.

त्याची बायको कडूबाई मेंढ्या कातरी, लोकर पिंजी. धुळाजी सूत काढी आणि माझे पेड वळताना मधूनमधून ते स्वतःच्या गालावर घासून बघे. टोचलं की उकली, पुन्हा वळी.

"सुनंला लुगडं इणताय जणू," कडूबाई हसे.

"ज्याला घालायची त्याला बोलता येत न्हाई. म्हून माझ्या गालाला इचारतो."

घोडी शिकवणाऱ्याला त्या काळी चाबूकस्वार म्हणत. धुळाजीलाही म्हणत. त्याच्याकडे चाबूक मात्र कधीच नव्हता, त्यामुळे पुष्कळांना तो अर्धवट वाटे. माणसांचं हे मला कधी कळलं नाही. मारणाऱ्याला ती शहाणा म्हणतात आणि थांबणाऱ्याला खुळा.

राज्य निजामाचं होतं, पण दसऱ्याला घोड्यावर बसून गावाच्या शिवेपर्यंत जाण्याचा मान विठ्ठलराव देशमुखांचा होता. त्यासाठी त्यांनी जत्रेतून एक तांबडी घोडी आणली. बंकट नावाच्या चाबूकस्वाराने तिला काटेरी लगाम घातला. तिची जीभ चिरली, ओठ फाटले, आणि माणूस दिसला की ती मागचे पाय झाडू लागली. शेवटी देशमुखांनी धुळाजीला बोलावलं.

"दसऱ्याला गेवराईहून तहसीलदारसाहेब येणार हायेत," ते म्हणाले. "त्या दिवशी हिनं मला शिवेवर नेलं तर तुझी म्होरकी. न्हाई तर बंकटचं लोखंड. मग ती जगो का मरो."

धुळाजीने घोडी माळावर नेली आणि मेंढरांत मोकळी सोडली. स्वतः तिच्याकडे पाठ करून सूत काढत बसला. मी त्याच्या मांडीवर. घोडी धुरळा उडवी, फुरफुरे. मेंढरं आपली चरत राहत. भोवती इतकी जनावरं निवांत असताना एकटीने किती दिवस भ्यायचं? हळूहळू तिची मान खाली आली.

बंकट बांधावरून बघे. "काय बे धुळाजी, घोडीचं मेंढरू करतुस का?"

"मेंढरू झाली तरी चालंल. वैरी न्हाई झाली पायजे."

एका सकाळी गरम श्वास माझ्यावर आला. घोडी मला हुंगत होती. धुळाजीने मला दोन्ही हातांनी फाकवून धरलं आणि तसाच बसून राहिला. तिने आपण होऊन तोंड आत घातलं. "हो बाई, हो," तो म्हणाला. तिच्या चिरलेल्या ओठांवर मी टेकले, तेव्हा मी कशासाठी जन्मले ते मला समजलं. त्यानंतर तिने पाठीवर हात घेतला, मग खोगीर घेतलं, मग माणूस.

दसरा आला. हलग्या वाजू लागल्या. विठ्ठलरावांनी माझ्याकडे पाहून तोंड वाकडं केलं.

"तहसीलदारापुढं ही असली दोरी?"

"मान तुमचा हाय मालक. तोंड तिचं हाय."

चाबूक कमरेला खोचून देशमुख चढले. घोडी निघाली. बंदुकीचे बार झाले, गुलाल उडाला, तिने फक्त कान हलवले. पलीकडच्या घोड्यावर तहसीलदारसाहेब कौतुकाने मान डोलावत होते. ओढ्याच्या वळणावर मात्र समोरून मेंढरं आली. कडूबाई कळप घरी आणत होती.

घोडी वळली. मिरवणूक सोडून सरळ कळपात शिरली आणि मान खाली घालून उभी राहिली.

धुळाजीची चूक तीच होती. मेंढरांत शांत कसं व्हायचं ते त्याने तिला शिकवलं होतं. मेंढरांतून बाहेर कसं यायचं ते शिकवलंच नव्हतं. धनगराला ते सुचणार तरी कसं? कळप सोडून जायचं कशाला?

जरीचा पटका, खांद्यावर शेला, आणि चहूकडून बें बें. हलगी अडखळली. बंकट मोठ्याने म्हणाला, "देशमुख मेंढरं वळाया निघाले बघा." लोक हसले. तहसीलदारसाहेबांनीही तोंडाला रुमाल लावला.

विठ्ठलरावांनी मला हिसके दिले. घोडी हलेना. "बंकट, लोखंड आण," म्हणत त्यांनी चाबूक उपसला.

धुळाजी मेंढरं सारत धावत आला आणि त्याने माझी दोरी धरली. "मालक, चूक माझी हाय. म्या शिकवलं तेच तिनं केलं." चाबूक घोडीवर उतरणार, तेवढ्यात तो आडवा झाला. फटका त्याच्या मानेवरून खांद्यापर्यंत फाडत गेला.

तो ओरडला नाही. ती किंकाळी गळ्यातून खाली उतरून त्याच्या मुठीत आली, आणि त्या मुठीत मी होते. मूठ आवळली आणि लगेच सैल झाली, घोडीच्या तोंडाला हिसका बसू नये म्हणून. तो ओरडता तर ती उधळली असती. आणि पाठीवर देशमुख होते.

"हो बाई, हो," तो म्हणाला.

विठ्ठलराव वरून बघत राहिले. ज्याला आपण मारलं तोच आपल्याला सांभाळतोय, हे त्यांना बसल्या जागी कळलं असावं. त्यांचा हात खाली आला.

"चल," ते अगदी हळू म्हणाले.

धुळाजीने कडूबाईला कळप शिवेकडे घालायला सांगितलं. पुढे मेंढरं, मागे घोडी, अशी ती मिरवणूक शिवेवरच्या आपट्याच्या झाडापाशी पोचली. देशमुखांनी माफी मागितली नाही, ना तेव्हा, ना पुढे कधी. पण ते होते तोवर काटेरी लगाम त्यांच्या पागेत आला नाही.

पुढे मानमोडीच्या तापाची साथ आली, तीत धुळाजी गेला. कडूबाईने मला देशमुखांकडे आणून दिलं. "घोड्यांची वस्तू हाय, घोड्यांपाशी ऱ्हाऊ द्या," म्हणाली. पण विठ्ठलरावांच्या मागे त्यांच्या मुलाने, मोहनरावांनी, मला तलवारीशेजारी भिंतीवर टांगलं. पाहुणे आले की ते सांगतात, "आमच्या आबांची मांड अशी, की घोडी मेंढरांत शिरली तरी ते हलले न्हाईत." त्या गोष्टीत चाबूक नसतो. धुळाजीही नसतो.

आज खंडेनवमी. मला झेंडूची माळ घातली आहे, हळदीकुंकू वाहिलं आहे. आणि बाहेर पागेत बंकटच्या पोराने एका शिंगराच्या तोंडात काटेरी लगाम घातला आहे. ते कण्हतंय. आरती चालू आहे, म्हणून तुम्हाला ऐकू येत नसेल. मला येतंय.

बाबांनो, हात जोडायला माझ्यात काय आहे? मी लोकर आहे. मला कसर लागली आहे, फार दिवस उरणार नाही. भिंतीवर कुजण्यापेक्षा एखाद्या जित्या तोंडावर झिजून तुटले तर माझं सोनं होईल. मला खाली काढा. ते शिंगरू दाराशीच उभं आहे. आधी त्याच्या तोंडातलं लोखंड काढा. पूजा मागाहून करा.